दांडीचा आवाज

४ जानेवारी

ठोक्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. कागद फाडायच्या आधी माणूस निदान एकदा नजर तरी टाकतो.

तुला मुलगी झाली हे मला तुझ्याकडून नाही, तुझ्या बायकोकडून कळलं. तू औषधं आणायला खाली गेलास तेवढ्यात तिने दबक्या आवाजात फोन केला. आधी म्हणाली, नाक ह्यांच्यावर गेलंय. मी म्हटलं, अरेरे. ती हसली, मग थांबली आणि म्हणाली, "ताई, पायपण." मी विचारलं, कुठला? "डावा. आत वळलाय. अगदी ह्यांच्यासारखा." एवढं बोलून ती रडायला लागली. मी दुकानात गिऱ्हाइकासमोर उभी, हातात कुणाची तरी टाच निघालेली चप्पल.

आता तुला सांगते. डॉक्टर प्लास्टर घालू म्हणतील. दर आठवड्याला जुनं काढायचं, पाऊल जरासं सरळ करायचं, नवं घालायचं. घालू दे. तुलाही तान्हेपणी असंच घातलं होतं आणि तुझं पाऊल सरळ झालं होतं. हो, झालं होतं. हे तुला घरात कुणी सांगितलं नसेल. दोन वर्षांचा होतास तेव्हा गल्लीत दोन्ही पावलं सपाट टेकवून पळायचास. तुला धरायचं काम माझ्याकडे होतं आणि मला दम लागायचा. पुढे जे झालं ते पुढे झालं.

बाबांना अजून बोलले नाहीये. आई गेली त्या दिवशी तू त्यांना जे बोललास, त्याला आता सहा वर्षं होतील. ते तुझं नाव काढत नाहीत. पण तुझी ती लाकडी पावलं, ज्यांच्यावर तुझे बूट बेतायचे, ती अजून दुकानाच्या फळीवर ओळीने उभी आहेत. अगदी तान्ह्या पावलापासून ते तू घर सोडलंस तेव्हाच्या जोडीपर्यंत. डावं लहान, उजवं मोठं. मधूनमधून बाबा ती खाली काढून त्यांना तेल लावतात. गिऱ्हाईक विचारतं, ही कुणाची? बाबा म्हणतात, "मापं आहेत."

मुलीची पापी घे माझ्यातर्फे. आणि प्लास्टर घालू दे.

ताई


२२ फेब्रुवारी

ठोक्या,

तुझ्या बायकोने कळवलं. शेवटचं प्लास्टर चाललंय, टाचेमागची शीर बारीक छेद देऊन सैल केली, पाऊल बाहेर वळलं. ऐकून मी दुकानातच टाळी वाजवली. बाबांनी मान वर केली. मग सांगणं भागच होतं.

ते शिवत होते. हात थरथरतात हल्ली, पण दोरा ओवायला मला देत नाहीत. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला नात झालीय. ते म्हणाले, बरं. मी म्हटलं, पाय तसाच आहे. तर एवढंच विचारलं, "डावा का उजवा?" मी सांगितलं. त्यानंतर बराच वेळ त्यांचा दाभण त्याच एका भोकात आत-बाहेर होत होता. तुला वाटेल, दगड आहे हा माणूस. मलाही कधी कधी वाटायचं.

तुझं काय ऐकते मी? छापखान्यातून आलास की जिना भिंतीला धरून आडवा चढतोस म्हणे. फोटो काढला तर डॉक्टर म्हणाले, घोट्याचा सांधा म्हाताऱ्या माणसाचा झालाय. दिवसभर मशीनसमोर उभं राहायचं काम, आणि तू आहेस आपला ओठ चावत. तुझी बायको विचारत होती, "ताई, लहानपणी उपचार केले तर मग असं कसं झालं? हे म्हणतात, उपचारांनीच झालं." मी तिला म्हटलं, बघू, बोलू कधीतरी.

एक विचारायचं होतं. तुला कधी तो आवाज येतो का रे? तुझ्या दोन बुटांना जोडणारी दांडी लोखंडी कॉटवर आपटायची तो. मला येतो. संध्याकाळी दुकानाचे दिवे लावले की आतल्या खोलीतून. दोन ठोके, मग जरा थांबून एक. कॉट तिथेच आहे, तिच्यावर आता चामड्याच्या गुंडाळ्या ठेवतो. मी आत जाऊन बघते. अर्थात कुणी नसतं. बाबांना विचारलं नाही, पण तो आवाज आला की त्यांचा हातोडाही थांबतो.

जाऊ दे. म्हातारी झाले आता मी.

ताई


३० मार्च

ठोक्या,

तू दांडीचे बूट माळ्यावर फेकलेस.

तुझी बायको फोनवर नीट बोलूही शकत नव्हती. पोरीचं पाऊल सरळ झालं, डॉक्टरांनी दोन चिमुकले बूट दिले, दांडीच्या दोन टोकांना बसवलेले, आणि सांगितलं, आधी तीन महिने दिवसरात्र, मग चार-पाच वर्षं फक्त झोपताना. आणि तू म्हणालास, "माझ्या पोरीच्या पायात मी बेडी घालणार नाही. मला घातली होती. बघ माझं काय झालं." तीन रात्री पोरगी रडली आणि चौथ्या दिवशी तू शिडी लावलीस.

तुझा राग नाकावर असतो हे मला माहीत आहे, पण हा राग त्या पोरीच्या टाचेवर काढू नकोस. प्लास्टरने पाऊल सरळ होतं, पण ते पाऊल आपली जुनी वाट विसरत नाही. हे बूट नाही घातले तर ते परत आत वळतं. तुझं वळलं तसंच.

तू म्हणशील, मी तर घालत होतो. नव्हतास. ह्यापेक्षा जास्त मला लिहायला लावू नकोस. घरात कुणीतरी ते काढत होतं, एवढं समज. बाबा नव्हे. माळ्यावरून बूट काढ आणि आजच्या आज घाल.

ताई


८ एप्रिल

ताई,

पत्रं मिळाली. तिन्ही वाचली. फाडली नाहीत, खूश हो.

"घरात कुणीतरी" म्हणजे कोण? शेजारी येऊन काढून जायचे का? बाबांना वाचवायला तू किती खाली उतरणार आहेस?

मी पाच वर्षांचा होतो, बहिरा नव्हतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, बूट नियमित घालत होता का? बाबा म्हणाले, "रोज घालत होता. बूट माझ्या हातचे आहेत. दांडीचं माप माझ्याकडून चुकलं." मी आईच्या मांडीवर होतो, तिचं अंग थरथरत होतं. दवाखान्यातले बूट नकोत, माझ्या पोराचे बूट मीच शिवणार, हा त्यांचा तोरा. त्या तोऱ्यापायी माझा घोटा कापला गेला, आणि चौतिसाव्या वर्षी मी जिना आडवा चढतो.

मला त्या दिवसांतलं थोडंच आठवतं. बाबा पट्टे आवळतायत. मी रडतोय. मग आई येते, मला उचलून घेते आणि सगळं थांबतं. ती नसती तर मी वेडा झालो असतो. आणि पुढच्या खोलीतून बाबांचा आवाज, "चालू दे, ठोक्या, चालू दे!" गंमत वाटायची त्यांना. ते नावही त्यांनीच पाडलं, आणि तू अजून मला त्याच नावाने हाक मारतेस.

आई जात होती त्या संध्याकाळी त्यांना तिच्याजवळ पाच मिनिटं बसवलं नाही. ती खाटेवर हात आपटून आपटून बोलवत होती आणि हे उठून रस्त्यावर गेले. पाणी मी पाजलं तिला. ते मी विसरणार नाही.

माझी मुलगी रडणार नाही. विषय संपला.


१३ एप्रिल

ठोक्या,

तुला नको असलं तरी ह्याच नावाने लिहिते. कारण सगळं त्या नावातच आहे.

बाबांनी मला हे लिहायला बंदी केलेली आहे. आई गेल्यावर मी त्यांना एकदा विचारलं होतं, तुम्ही त्याला खरं का सांगत नाही? म्हणाले, "पोराला आई लागते. बाप नसला तरी भागतं." आणि मला गप्प राहायची शपथ घातली. ती आज मोडते. तुझी मुलगी नसती तर मोडली नसती.

पहिले तीन महिने आईने बूट अगदी डोळ्यांत तेल घालून सांभाळले. नंतर फक्त झोपताना घालायचे होते, आणि तिथेच सगळं बिघडलं. तू मोठा होत गेलास, दिवसभर मोकळा खेळायचास, आणि झोपताना पाय बांधले की आकांत करायचास. बाबा पट्टे बांधायचे आणि पुढे दुकानात जायचे, कारण तेव्हा संध्याकाळीच गिऱ्हाईक यायचं. ते गेले की आई दार लोटून घ्यायची. तुझे पट्टे सोडायची. तू हुंदके देत तिच्या कुशीत शिरायचास आणि झोपायचास. हेच तुला आठवतं. उचलून घेते आणि सगळं थांबतं.

पण पुढच्या खोलीत बाबांचे कान आत लागलेले असायचे. बूट पायात असले की तू पाय आपटायचास, दांडी कॉटवर वाजायची. तो आवाज आला की बाबा निश्चिंत. आवाज बंद झाला की ते हाक मारायचे, काय रे, झोपला का? एकदा ते उठून आत आले आणि आईने कसेबसे पट्टे ओढले. त्या दिवसापासून आईने काय केलं माहितीय?

ती एका हाताने तुला छातीशी धरायची, दुसऱ्या हातात रिकामे बूट घ्यायची, आणि दांडी कॉटच्या लोखंडावर आपटायची. दोन ठोके, थांबून एक. बाहेरून बाबा म्हणायचे, "चालू दे, ठोक्या!" आणि आई परत वाजवायची. बाबा हसायचे. त्यांना वाटायचं, पोरगा उत्तर देतोय. नाव तुझं पडलं, पण ठोके तिचे होते.

मी पलीकडच्या अंथरुणात जागी असायचे. आठ-नऊ वर्षांची होते. आई माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवायची आणि हसायची. मला तो आमच्या दोघींचा खेळ वाटायचा. तिचा हात दुखायचा, मनगट चोळत बसायची, पण वाजवायची थांबायची नाही. दुकान बंद करून बाबा आत आले की पांघरुणाखाली दांडी आडवी ठेवलेली असायची. ते तो उंचवटा बघायचे, तुझ्या केसांतून हात फिरवायचे आणि झोपायचे. पहाटे ते उठायच्या आत बूट परत तुझ्या पायात. लहान झालेली जोडी आई बाबांच्या हाती कधी लागू द्यायची नाही. दवाखान्यात एका गरिबाच्या पोराला दिली म्हणायची.

मग तुझी टाच टेकेनाशी झाली. तू चवड्यावर चालायला लागलास, पाऊल आत ओढलं गेलं. डॉक्टरांनी विचारलं, आई खाली बघत राहिली. त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी कॉटवरचे बूट उचलले आणि सरळ दुकानात नेले. मी उंबऱ्यात बसले होते. त्यांनी डाव्या बुटातला सुखतळा उपसून काढला, पावलाखाली येणारा तो आतला मऊ थर. दिव्याखाली धरला. ठोक्या, रोज घातलेल्या बुटाच्या सुखतळ्यावर टाचेचा काळा गोल उमटतो, बोटांचे ठिपके उमटतात. हा कोरा होता. बाबांनी चिकटवला होता तेव्हाइतका कोरा.

आई दारात उभी होती. बाबांनी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी सुखतळा परत आत घातला, अंगठ्याने दाबून बसवला, आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांसमोर तेच बोलले जे तू ऐकलंस. दांडीचं माप माझ्याकडून चुकलं. आई का थरथरत होती, ते आता तुला कळलं असेल. बूट शिवण्यात ज्याचा हात कुणी धरू शकला नाही, त्या माणसाने आपल्या कामाला स्वतःच्या तोंडाने नाव ठेवलं.

आणि ती संध्याकाळ. आईचा हात खाटेवर कसा पडत होता, आठवून बघ. तू जवळ होतास. दोन ठोके, थांबून एक. तिला तहान नव्हती रे. तिला ती आतली खोली दिसत होती, तू कुशीत होतास आणि बाहेर बाबा ऐकत होते. आवाज थांबला तर ते आत येतील म्हणून ती वाजवत होती. बाबांनी तो आवाज ओळखला. म्हणून ते उठून गेले. रस्त्यावर दिव्याच्या खांबाला धरून उभे होते, मी बघितलंय.

तिच्यावर रागावू नकोस. तिने तुझ्यावर जीव ओवाळून टाकला, त्यात तिळमात्र खोट नाही. तिला तुझं रडणं सोसलं नाही, बस. तुलाही तुझ्या पोरीचं सोसत नाही, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते. चार-आठ दिवस रडतात, मग सवय होते, डॉक्टर सांगतात तेच खरं. तुला त्या बुटांनी काही केलं नाही. ते तुझ्या पायात नव्हतेच.

बूट खाली काढ.

ताई


९ मे

ठोक्या,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

तुझ्या बायकोने दुकानावर फोन केला तेव्हा मी बाहेर होते. बाबांनी उचलला. तिला काय ठाऊक. विचारून बसली, "ताईंनी आईंबद्दल काय लिहिलं? हे दोन दिवस कामावर गेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून आहेत." मी परत आले तर बाबा दुकान अर्धं बंद करून बसलेले.

"लिहिलंस?"

"हो."

"तिचं तेवढंच उरलं होतं त्याच्यापाशी. तेही काढून घेतलंस."

मी म्हटलं, नातीचा पाय? तेव्हापासून स्वतःचा चहा स्वतः करून घेतात. मी केलेला ओट्यावर गार होतो. कधी वाटतं, बरोबर केलं. कधी ती कॉट दिसते आणि वाटतं, आईच्या अंगावरचं पांघरूण मीच ओढून काढलं.

काल मात्र तुझ्या बायकोचा पुन्हा फोन आला. पाऊल थोडं आत वळायला लागलं होतं, म्हणून दोन प्लास्टरं परत घालावी लागली, आणि आता बूट घातलेत. तूच शिडी लावून काढलेस. ती म्हणाली, "ऐका ताई," आणि फोन पाळण्याजवळ नेला. ठक. ठक. मी फोनचा आवाज मोठा करून बाबांपुढे धरला. म्हटलं, ऐका, तुमची नात.

त्यांनी ऐकलं. चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. त्यांनी हातोडा उचलला आणि म्हणाले, "आवाज काय, कुणीही काढतं."

ताई


२१ सप्टेंबर

ठोक्या,

पार्सल आलं. चिठ्ठी सापडते का म्हणून मी खोका उलटा करून झटकला. नाही तर नाही. आत पोरीची लहान झालेली पहिली जोडी, दांडीसकट. वरच्या अंगाला चिरा पडलेल्या, पट्ट्याची भोकं ताणून लांबट झालेली, दांडीचा रंग उडालेला.

मी ती बाबांसमोर ठेवली. ते हातातलं काम पुरं होईपर्यंत तिच्याकडे बघेनात. मग चष्मा पुसला. डावा बूट घेतला, दिव्याखाली नेला, पट्टा सोडला आणि आत अंगठा घातला. अंगठा कसाबसा मावला. चाचपत राहिले. मग चिमटीने सुखतळा बाहेर काढला.

काळा गोल होता, ठोक्या. टाचेचा, रुपयाएवढा, मधोमध खोलगट झालेला. पुढे पाच ठिपके, करंगळीचा अगदी फिका. बाबांनी तो नाकाशी नेला. माझ्या मते घामाचा वास बघत होते, पण बराच वेळ त्यांनी तो तोंडापुढून काढलाच नाही आणि त्यांचे खांदे हलत होते. मी गिऱ्हाइकाला सांगितलं, उद्या या.

"टाच बसलीय," ते म्हणाले. "घातलेत पोरीने. रोज घातलेत."

मग त्यांनी ती जोडी फळीवर तुझ्या तान्ह्या लाकडी पावलांशेजारी ठेवली. शेवटचं डावं पाऊल, घर सोडतानाचं, खाली काढलं आणि हातात फिरवून म्हणाले, "हे आता त्याला होणार नाही. सांधा घट्ट झाला की पावलाचा आकार बदलतो. घोट्याला उंच आधार देऊन, तळ गोलाकार करून बूट शिवला, तर जिना सरळ चढेल. पण ते माप कागदावर येत नाही. पाय इथे लागतो." एवढं एकदम बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी विचारलं, शिवाल? हात थरथरतो तुमचा. म्हणाले, "तू शिव. मी बघतो."

मी चहा केला. बाबा प्यायले.

दिवे लावायची वेळ झाली होती. आणि आतल्या खोलीतून तो आवाज आला. दोन ठोके, थांबून एक. खोटं कशाला लिहू, आला. मी बाबांकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांनी ऐकू न आल्याचं सोंग केलं नाही. ते उठले, आतल्या दाराशी गेले, चौकटीला हात टेकून उभे राहिले. आत कॉट, कॉटवर चामड्याच्या गुंडाळ्या, बाकी अंधार. तुला ज्या आवाजात हाक मारायचे, त्याच आवाजात म्हणाले,

"पुरे आता. मनगट दुखेल. झोप."

मग आम्ही दोघं तिथेच उभं राहून ऐकत होतो.

मापाला कधी येतोस ते कळव.

ताई